ब्राँझचे घाडी

आपला पुतळा होणार आहे हे वसंत घाडींना फोनवर कळलं, तेव्हा ते कवळी घासत होते.

"वश्या, ऐकतोयस ना?" पलीकडून जगदीश कासारे ओरडत होता. "तुझा पुतळा करतोय. ब्राँझचा. तुझ्या गल्लीसमोर, त्या नव्या टॉवरच्या चौकात बसणार आहे."

दात हातात असल्यामुळे घाडींना धड काही विचारता आलं नाही. "हां, हां" करून त्यांनी फोन ठेवला आणि तसेच बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "बकुळा, माझो पुतळो उभो रवतलो."

बकुळाबाई तांदूळ निवडत होत्या. "आधी दात लावा," त्या म्हणाल्या. "काय बोलतास ता समाजना नाय."

जगदीश कासारे म्हणजे आता फार मोठा माणूस. त्याची शिल्पं कुठकुठल्या देशांच्या विमानतळांवर होती. पेपरात फोटो यायचा तेव्हा खाली 'ख्यातनाम शिल्पकार' असं छापलेलं असायचं. पण घाडींच्या लेखी तो डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला जग्याच. दोघं एका शाळेत, एका कबड्डी संघात. पुढे घाडी मोरबाग मिलच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, लागले. रजेवरच्या कामगारांच्या जागी, बदलीवर सुरुवात करून ते जॉबर झाले, म्हणजे मागांवरच्या पाळीचे मुकादम. जग्या कलेच्या कॉलेजात गेला. मिल बंद पडून आता वीसेक वर्षं झाली होती. तिच्या जागी छप्पन मजल्यांचे दोन टॉवर होते आणि त्यांच्या पायथ्याशी गुळगुळीत फरशीचा एक चौक. चौकाचं नाव स्पिंडल स्क्वेअर.

त्यानंतरचे चार महिने लालबागमध्ये घाडींनी दुसरा विषय काढला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, दुधाच्या केंद्रावर, कुणाच्या बाराव्याला गेले तरी तिथेही. पुतळा कसा असणार हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. एक हात वर, मूठ आवळलेली. दुसऱ्या हातात मागाचा धोटा. नजर लांब, शिवडीच्या दिशेला.

"शिवडीला काय आहे?" न्हाव्याने विचारलं.

"काही नाही. पण नजर कुठेतरी नको का?" घाडी म्हणाले.

अनावरणाच्या दिवशी सकाळी गल्लीतली तीसेक माणसं चौकात हजर होती. घाडींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बकुळाबाईंनी नारायणपेठ नेसली होती. पुतळ्यावर पांढरं कापड होतं. त्याचा आकार आडवा का दिसतोय, असं बकुळाबाईंनी दोनदा विचारलं, पण घाडींनी लक्ष दिलं नाही. कंपनीचे अध्यक्ष इंग्रजीत बोलले. जगदीश, खांद्यापर्यंत पांढरे केस आणि पायात साध्या चपला, माइकवर फक्त "बघा" एवढंच म्हणाला. मग दोरी ओढली गेली.

एक भलं लांब बाकडं होतं, ब्राँझचंच. त्याच्या एका टोकाला एक तरुण कामगार बसला होता. बसला कसला, सांडला होता. डोकं मागे टाकलेलं, पाय फाकलेले, मांडीवर डबा, एक चप्पल पायातून निसटून खाली पडलेली. डोळे मिटलेले. आणि तोंड सताड उघडं.

तो बावीस वर्षांचा पोरगा कोण, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना कळलंही नसतं. पण बकुळाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा चोवीस वर्षांचा होता.

"अगो बाय माझे, ह्ये तर आमचेच!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "घोरण्याचो आवाज तेवढो रवलो!"

तिसऱ्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हशा पिकला. अध्यक्षांनी घाडींचा हात हातात घेऊन "व्हेरी रिलॅक्स्ड, व्हेरी रिलॅक्स्ड" असं दोनदा म्हटलं आणि फोटो काढून घेतला. फोटोत घाडींनी तोंड इतकं घट्ट मिटलं होतं की ओठच दिसत नव्हते.

त्या दिवसापासून घाडींना रस्त्याने चालणं मुश्किल झालं. "काय वसंतराव, उठलात?" असं कोथिंबीरवाला विचारायचा. दूधकेंद्रावरचा माणूस त्यांना पाहून हळू आवाजात बोलायला लागला, जणू कुणाची झोपमोड होईल. हेही चाललं असतं. पण घाडी जॉबर होते, आणि जॉबर म्हणून त्यांची एकाच गोष्टीसाठी ख्याती होती. रातपाळीला कुणाचा डोळा लागला तर ते मागून जाऊन त्याच्या मानेवर गार पाणी ओतायचे. सत्तावीस वर्षांत त्यांनी किती माना भिजवल्या याला गणती नव्हती. आणि आता त्या सगळ्या मानांचे मालक पुतळा बघायला येऊ लागले.

त्यांत पहिला आला राजाराम मेस्त्री, वरळीहून, बस बदलून. राजारामला घाडींनी दोनदा झोपेत पकडून वर कळवलं होतं आणि दोन्ही वेळा त्याला आठ-आठ दिवस घरी बसावं लागलं होतं. त्याने पुतळ्याला एक प्रदक्षिणा घातली. मग समोर उभा राहून तो इतका हसला की त्याला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन आला आणि पुतळ्याच्या मानेवर सावकाश, धार लावून, अख्खी बाटली रिकामी केली.

हे ऐकलं तेव्हा घाडींनी सुनेला बोलावलं. सून सीमा एका कंपनीचं काम घरूनच करायची. "इंग्रजीत पत्र लिही," घाडी म्हणाले. "हा पुतळा माझी बदनामी आहे. मी कामावर कधीही झोपलो नाही. पुतळा ताबडतोब हलवावा, नाहीतर त्याला जागं करावं."

"जागं करावं असं लिहू?"

"लिही."

साडेतीन पानांचं पत्र झालं. ते टॉवरच्या ऑफिसात पोचलं, पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. तेव्हा घाडी उठून थेट अँटॉप हिलला गेले. तिथल्या एका जुन्या गोदामात जगदीश काम करायचा.

"जग्या, काय वैर होतं माझ्याशी?" त्यांनी दारातूनच विचारलं.

जगदीशने त्यांना एका लाकडी खोक्यावर बसवलं, चहा दिला आणि कपाटातून एक वही काढली. कडा कुरतडलेली, पिवळी पडलेली. घाडींनी पहिलं पान उलटलं. त्यावर झोपलेला माणूस होता. दुसऱ्यावर तोच माणूस, कुशीवर. तिसऱ्यावर नुसता हात, बाकड्यावरून लोंबणारा. साठ-सत्तर पानं, सगळीकडे तोच.

"तुमच्या खोलीत तेव्हा गाववाले किती होते?" जगदीशने विचारलं.

"चौदा."

"रातपाळी करून तू यायचास तेव्हा खोली भरलेली असायची. मग आमच्या मैदानाच्या कडेला बाकडं होतं, तिथे येऊन पडायचास. मला चित्र काढायला कुणीतरी न हलणारा माणूस हवा होता. अख्ख्या डिलाईल रोडवर माणसं पळत होती रे. एकटा तूच हलायचा नाहीस. हीच वही दाखवून मला कॉलेजात घेतलं."

"मला विचारायचं तरी."

"झोपलेल्याला विचारणार कसं? उठलास की पळायचास."

घाडी वही चाळत राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आणि ते स्पिंडल काय? स्पिंडल म्हणजे चाती. ती सूतखात्यात असते. मी साचेखात्यातला माणूस. नाव तरी नीट द्यायचं."

"नाव त्यांनी दिलंय. पण मला आवडलं," जगदीश म्हणाला. "माझ्या बाबाची हयात चात्यांवरच गेली. तुमच्या साचेखात्यात आमच्या माणसांना घ्यायचे नाहीत, आठवतं ना? धोट्यातून दोरा तोंडाने ओढायला लागायचा, आणि आमच्या तोंडचा धोटा कुणाला चालायचा नाही."

घाडींना आठवत होतं. पन्नास वर्षांत दोघांमध्ये हे कधी निघालं नव्हतं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा झोपायचे कुठे?"

"आईला विचारायला हवं होतं," जगदीश म्हणाला. "मी कधी बघितलंच नाही त्यांना झोपलेलं."

मग निघताना त्याने घाडींच्या पाठीवर थाप मारली. "ते बाकडं निम्मं रिकामं का ठेवलंय, बघितलंस? माणूस शेजारी येऊन बसला की माझं शिल्प पूर्ण होतं. खालच्या पाटीवर तसं लिहिलंय. करारातही आहे. जाऊन बस एकदा."

"मी कशाला बसू त्या झोपाळूशेजारी?" घाडी म्हणाले. आणि दोन दिवसांनी जाऊन बसले.

त्याला कारण होतं. दुपारी एक ते चार सीमाच्या मीटिंगा असत. घरात खोली एकच, मधे पडदा. बकुळाबाई त्या वेळात देवळात भजनाला जायच्या. घाडी पडद्यामागे आडवे व्हायचे. परवा मीटिंग चालू असताना सीमाला बंगलोरहून कुणीतरी विचारलं होतं, तुमच्याकडे बिल्डिंगचं काम चालू आहे का, ड्रिलिंगचा आवाज येतोय. सीमा सासऱ्यांना काही बोलली नाही. पण तिने नवऱ्याला सांगितलेलं घाडींना पडद्यामागून ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला ते चपला घालून बाहेर पडले.

चौकात सावली होती. टॉवरच्या मधून वारा येत होता. घाडी ब्राँझच्या घाडींशेजारी टेकले, तोच शिट्टी वाजली. निळ्या गणवेशातला सुरक्षारक्षक हितेंद्र धावत आला.

"आजोबा, उठा. इथे बसायला अलाऊड नाही."

"हा बसलाय तो?"

"तो आर्ट आहे."

"आणि मी कोण?" घाडींनी पुतळ्याच्या नाकाशेजारी आपलं नाक नेलं. हितेंद्रने एकदा हे नाक पाहिलं, एकदा ते. त्याची जरा पंचाईत झाली.

"तोंड उघडा बघू," तो म्हणाला.

"बाकडं रिकामं आहे ना, ते मुद्दाम आहे," घाडी म्हणाले. "मी शिल्प पूर्ण करतोय. पाटी वाच."

पाटी इंग्रजीत होती. हितेंद्रने मॅनेजर श्रेया मॅडमना फोन लावला. मॅडम खाली आल्या, वाकून पाटी वाचली, मग फोनवर करार उघडून वाचला. मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओके अंकल. पूर्ण करा. पण किती वेळ लागेल?"

"मॅडम, कलेचं असं सांगता येत नाही," घाडी म्हणाले.

दहा मिनिटांत त्यांचा डोळा लागला.

मानेवर गार पाणी पडलं तेव्हा ते जागे झाले. समोर राजाराम मेस्त्री बाटली घेऊन उभा होता, चेहऱ्यावर असा आनंद की जणू मुलगी दिली. घाडी तडफडत उठले, शिवी तोंडात आली. पण ओली कॉलर मानेला चिकटली होती, आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी राजाराम असाच तडफडत उठलेला त्यांना स्पष्ट दिसला.

"बस," ते म्हणाले. "झालं ना तुझं समाधान? बस आता."

राजाराम बसला. थोड्या वेळाने तोही झोपला.

दोन आठवड्यांत दुपारी बाकड्यावर जागा मिळेना. जुने साचेवाले, सूतवाले, डिलिव्हरीची पोरं दोन फेऱ्यांच्या मधे, समोरच्या इस्पितळातल्या रात्रपाळीच्या दोन नर्स. सगळे शिस्तीत येत आणि हितेंद्रने विचारायच्या आत सांगत, "शिल्प पूर्ण करायला." घाडींनी पाळ्या लावल्या. जॉबरच तो. अर्ध्या तासाची पाळी, नंतर उठायचं, जागा सोडायची. उठवण्यासाठी मात्र ते आता खांद्याला हात लावत. हितेंद्र बारा तास उभा असतो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्यालाही मधे वीस मिनिटं घातलं, आणि तेवढा वेळ स्वतः त्याची शिट्टी गळ्यात अडकवून लिफ्टच्या दाराकडे लक्ष ठेवलं.

मग वर राहणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. स्पिंडल स्क्वेअरचा प्लॅटफॉर्म झाला, पाहुणे आले की आधी घोरणं ऐकू येतं, वगैरे. टॉवरच्या रहिवाशांच्या समितीने ठरवलं की पुतळा सहाव्या मजल्यावरच्या बागेत न्यायचा, जिथे फक्त रहिवासी जाऊ शकतात. करारामुळे तसं करता येत नव्हतं. त्यात एकच पळवाट होती: ज्याच्यावरून शिल्प केलं त्यानेच लेखी हरकत घेतली असेल, तर जागा बदलता येईल. आणि श्रेया मॅडमच्या फायलीत साडेतीन पानांची लेखी हरकत होती.

घाडींना सभेला बोलावलं तेव्हा जगदीश परदेशात होता. घाडी राजारामला घेऊन गेले. हॉलमध्ये एसी इतका होता की राजारामने मफलर काढून बांधला. मॅडमनी पत्र वाचून दाखवलं. "बदनामी" झालं, "ताबडतोब हलवावा" झालं, "जागं करावं" आलं तेव्हा समितीतले दोघं खाली बघून हसले.

"अंकल, ही तुमची सही आहे ना?"

"सही माझी आहे," घाडी म्हणाले. कपाळाला घाम आला होता, एवढ्या एसीत. "पण ते पत्र मी झोपेत लिहिलं."

"साडेतीन पानं? झोपेत?"

"मॅडम, मी सत्तावीस वर्षं रातपाळ्या केल्या. झोपेत चार-चार साचे चालवलेत. पत्राचं काय घेऊन बसलात?"

"पण पत्रात लिहिलंय की तुम्ही कामावर कधीच झोपला नाहीत."

राजाराम त्यांच्याकडे बघत होता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर ते मान ताठ ठेवून चालले, ती आता मधे आली होती. त्यांनी एकदा खाकरून घेतलं.

"झोपायचो," ते म्हणाले. "उभ्या उभ्या. मागच्या रांगेत, चौथ्या खांबाला टेकून. पहाटे तीन ते साडेतीन. आणि त्याच पाळीत दुसऱ्यांच्या मानांवर पाणी ओतायचो." ते राजारामकडे वळले. "तुला दोनदा घरी बसवलं. चुकलं माझं."

"चौथा नाही, पाचवा खांब," राजाराम म्हणाला. "सगळ्या खात्याला ठाऊक होतं, मास्तर. तुम्ही झोपलात की आम्ही पाळीपाळीने झोपायचो. तुमच्या घोरण्यावर लक्ष ठेवायला एक माणूस ठेवला होता. ते थांबलं की तो आम्हाला उठवायचा. त्या दोन वेळा त्यालाच झोप लागली."

आता मात्र सगळा हॉल हसला. घाडींना हसावं की रागवावं कळेना, म्हणून ते दोन्ही करत होते. हसू ओसरल्यावर समितीतले एक साठीचे गृहस्थ उभे राहिले. अंगावर भारी कुर्ता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मैं बत्तीसवीं मंज़िल पे रहता हूँ," ते म्हणाले. "छह सोफ़े हैं घर में. तीन साल से नींद नहीं आती. इधर मैं बैठ सकता हूँ क्या?"

"या की," घाडी म्हणाले. "अडीचची पाळी मोकळी आहे. चप्पल काढून बसा, बरं पडतं."

घाडींनी पत्र मागे घेतलं आणि पुतळा जागेवरच राहिला. आठवड्याभरात चौकात स्टीलची नवी पाटी लागली, मराठीतून: 'शिल्पपूर्तीची वेळ दुपारी १ ते ४. एका वेळी तीन व्यक्ती. कृपया घोरणे टाळावे.' शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून आहे असं घाडींनी विचारलं. "जनरल आहे, अंकल," असं मॅडम म्हणाल्या.

त्यानंतरच्या सोमवारी भजन नव्हतं. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला बकुळाबाई चौकात आल्या, हातात माठाची जुडी आणि स्टीलची परात घेऊन. बाकड्यावर घाडी, राजाराम आणि बत्तिसाव्या मजल्यावरचे गृहस्थ ओळीने झोपले होते.

"सरका," बकुळाबाई म्हणाल्या. तिघंही सरकले. त्या पुतळ्याला लागून बसल्या, परात त्याच्या मांडीवरच्या डब्यावर टेकवली आणि भाजी निवडायला लागल्या. वारा छान येत होता. हितेंद्र लांबून पाहत होता. शिट्टी तोंडाशी नेऊन त्याने परत खाली घेतली, आणि श्रेया मॅडमना फोन लावून विचारलं की माठ निवडणं हे शिल्पपूर्तीत धरायचं का.

"किती जुड्या आहेत?" मॅडमनी विचारलं.

"एकच."

"मग असू दे," मॅडम म्हणाल्या.